ब्रिगेडियर, बिशप आणि मागचं दार

हॅरोगेट
८ मार्च १९८७

प्रिय मेविस,

तुझं कार्ड मिळालं. दोघे बोके सुखरूप पोचले, वाटेत ओरडले नाहीत, आणि पोचल्या पोचल्या ब्रिगेडियर सिरिलच्या मांडीवर चढून बसला, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. बिशप आधी सगळं घर तपासेल आणि मग माणसांकडे बघेल. त्याच्या आईचंही असंच होतं.

सिरिलला अर्धांगाचा झटका आल्यापासून तो खुर्चीतून हलत नाही, डॉक्टर म्हणतात चाला आणि हा म्हणतो कुठं, हे तू नाताळात रडत सांगितलंस, तेव्हाच मी ठरवलं होतं की या खेपेचे हे दोन भाऊ विकायचे नाहीत, तुझ्या नवऱ्याला द्यायचे. मांजर माणसाला उपदेश करत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. तो माझ्यात नाही, म्हणून आता कामाचं लिहिते. टेलिफोनवर मी बोलत नाही, तुला ठाऊक आहे. त्या यंत्रात माणूस फार सहज खोटं बोलतो.

हे बोके बाहेर जाणार नाहीत. बागेत नाही, पायरीवर नाही, ‘पाचच मिनिटं ऊन खाऊ दे’ असंही नाही. खिडक्यांना जाळी लाव, मागच्या दाराची कडी कायम घाल. तीस वर्षं मी जातिवंत बर्मी मांजरं वाढवते आहे आणि मांजर नेणाऱ्या प्रत्येकाकडून हे वचन घेते. नात्यातल्यांना सूट नाही. उलट नात्यातली माणसंच जास्त वात आणतात. वचन मोडलं तर मांजर परत न्यायचा हक्क माझा, आणि तशी सही तू केलेली आहेस.

दोघांना दोन वेगळ्या बशा दे. ब्रिगेडियर स्वतःचं संपवून भावाचं खातो आणि वर तोंड पुसून बसतो.

तुझी,
एनिड आत्या


वेस्ट मार्लिंग, सफोक
२९ मार्च

प्रिय आत्या,

जाळ्या बसवल्या. सुताराने विचारलं, “घरात कोंबड्या पाळणार का, बाई?” मी म्हटलं, “नाही, बिशप.” तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

ब्रिगेडियर दिवसभर सिरिलच्या उजव्या हाताला टेकून बसतो. तोच हात लुळा आहे. बिशप रात्री त्याच्या छातीवर झोपतो, आणि हा बाबा त्याची झोप मोडेल म्हणून कूस बदलत नाही. सकाळी पाठ धरली म्हणून कुरकुर माझ्याकडे. पण आत्या, तो हसतो आता. परवा दोघं माझ्या लोकरीच्या गुंड्यासकट जिन्यावरून गडगडत आले तेव्हा इतका हसला की ठसका लागला.

मिसेस गॅरड मात्र डोकं खाते. शेजारीण आमची, तुला आठवत असेल, मोठ्या आवाजाची. जाळी बघून म्हणाली, “अगं बाई, मांजर आहे का पिंजऱ्यातली कॅनरी? माझा बोका नेल्सन अकरा वर्षं बाहेर हिंडतोय, एक कान गेला, पण राजासारखा जगतोय.” आमच्या गावात मांजर घरात कोंडणं म्हणजे नवऱ्याला उपाशी ठेवणं. दुकानात दोघीतिघींनी मला ऐकवलं. सिरिलही परवा विचारत होता, “आत्याला विचार, यांनी गुन्हा तरी काय केलाय?”

मी आपलं विचारलं. रागावू नकोस.

तुझी,
मेविस


हॅरोगेट
३ एप्रिल

प्रिय मेविस,

सिरिलला सांग, गुन्हा काही नाही. त्यांच्यात मी भीती ठेवलेली नाही, एवढंच.

मिसेस गॅरडच्या नेल्सनला भीती आहे. ती त्याला आईने दिली, आईला तिच्या आईने. दार वाजलं की पळ, चाक दिसलं की पळ, परका हात दिसला की पळ. म्हणून तो अकरा वर्षं टिकला. माझ्या पिल्लांचं तसं नाही. डोळे उघडले की मी त्यांना हातात घेते. त्यांच्या खोलीत रेडिओ चालू असतो, व्हॅक्यूम क्लीनर चालू असतो. जरा मोठी झाली की मोटारीत घालून शाळेच्या फाटकाशी नेते, इंजिन चालू ठेवून दारं उघडते आणि पोरांना म्हणते, घ्या रे उचलून. मांजरांच्या प्रदर्शनात परीक्षकाने उचललं आणि मांजर बिचकलं की ते बाद. तेव्हा भीती मी हाताने पुसून काढते, भांड्याच्या बुडाची काजळी घासून काढावी तशी. असलं मांजर घरात सोन्यासारखं असतं. रस्त्यावर ते मोटार बघून पळत नाही, तिला भेटायला जातं.

कळलं का? मिसेस गॅरडला पण कळव. तिला म्हणावं, उचलली जीभ लावली टाळ्याला असं करू नये, आणि नेल्सनला माझा नमस्कार सांगावा. त्याच्याबद्दल मला आदर आहे.

तुझी,
एनिड आत्या


वेस्ट मार्लिंग
१० मे

प्रिय आत्या,

तू रागावणार हे धरूनच लिहिते. आधी पूर्ण वाच, मग काय ते बोल.

ईस्टरच्या सोमवारी मी चर्चमधून घरी आले तर खुर्ची रिकामी. मागचं दार सताड उघडं. बाहेर जाऊन बघते तर सिरिल गल्लीत, घरातल्या सपाता पायात, काठी टेकत मिसेस गॅरडच्या कुंपणापाशी उभा. कुंपणावर ब्रिगेडियर. आणि सिरिल त्याला म्हणतोय, “साहेब, घरी चला. बाई आल्या तर आपली दोघांची धडगत नाही.”

“दार कोणी उघडलं?” मी विचारलं.

“वाऱ्याने,” म्हणाला.

वारा कधी कडी काढतो का? पण आत्या, सहा महिन्यांत त्या माणसाने दाराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि तो भर गल्लीत उभा होता. मला तिथंच रडू आलं.

त्या दिवसापासून रोज चाललंय. ब्रिगेडियर पुढे, सिरिल मागे. “तुझी आत्या म्हणते त्याला मोटार कळत नाही,” मला सांगतो, “मग कोणीतरी बरोबर नको का?” आधी कुंपणापर्यंत जायचे, मग टपालपेटीपर्यंत, आता चर्चच्या फाटकापर्यंत जातात आणि तिथल्या बाकावर दोघं बसतात. गेल्या आठवड्यात तर पबमध्ये जुन्या लॉरीवाल्यांबरोबर अर्धा ग्लास घेऊन आला. डॉक्टर, नर्स, मी, सगळ्यांनी डोकी फोडून घेतली होती. ऐकलं कोणाचं, तर एका शेपटीचं.

बिशप अजून बाहेर पडत नाही. उंबऱ्यावर बसून दोघांची वाट बघतो.

तू म्हणशील दार बंद कर. करते. पण ते दार बंद केलं की ब्रिगेडियर आत बसेल आणि सिरिलही आत बसेल. मग तूच सांग मी काय करू.

तुझी,
मेविस


हॅरोगेट
१४ मे

मेविस,

वारा म्हणे! पालथ्या घड्यावर पाणी.

सिरिल चालायला लागला याचा मला आनंद नाही असं समजू नकोस. तुझ्या बापाला मी खुर्चीत सुकत गेलेलं पाहिलं आहे, तो माझा भाऊ होता. पण नवऱ्याला चालवायचं असेल तर कुत्रा पाळ. कुत्र्याला पट्टा असतो. मांजराला पट्टा बांधा असं मी सुचवलं असतं, पण बर्मी बोका पट्ट्यातून असा निसटतो, जसा ओल्या हातातून साबण.

माझी मांजर टॅबिथा आज-उद्या विणार आहे, तिला सोडून मला हलता येत नाही. पिल्लं जरा सुटी झाली की जुलैत मी तिकडे येते आणि दोघांना घेऊन जाते. तोवर दार बंद. कडीला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. सिरिलने विचारलं तर सांग, वाऱ्याने नेली.

एनिड आत्या


वेस्ट मार्लिंग
१२ जून

प्रिय आत्या,

उत्तराला उशीर झाला, माफ कर. दार बंद आहे. तुझ्या म्हणण्याप्रमाणे कुलूप लावलंय.

इकडे पाऊस फार आहे. स्ट्रॉबेऱ्या सडल्या. काल मतदान होतं, मी एकटीच जाऊन आले. सिरिल म्हणाला गुडघा दुखतोय. बिशप चांगला खातो. त्याला उकडलेला मासा आवडतो, कोंबडी तितकीशी नाही. टॅबिथाला किती पिल्लं झाली? सगळी तपकिरीच का?

तू एवढ्या लांबून कशाला दगदग करतेस? आम्ही ठीक आहोत.

तुझी,
मेविस


हॅरोगेट
१६ जून

प्रिय मेविस,

पाच पिल्लं. चार तपकिरी, एक निळसर राखाडी.

तुझ्या पत्रात पाऊस आहे, स्ट्रॉबेऱ्या आहेत, मतदान आहे, बिशपचा मासाही आहे. ब्रिगेडियरचं नाव नाही. जो बोका भावाच्या बशीतलं खातो त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, यावर मी विश्वास ठेवायचा?

मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून ते कोणाला दिसत नाही असं नसतं. काय झालं ते लिही. आजारी आहे का? हरवला का? हरवला असेल तर शेजाऱ्यांच्या शेड उघडून बघायला सांग. लोक कुलूप घालून सुट्टीला जातात आणि मांजर आत राहतं. लगेच लिही.

एनिड आत्या


वेस्ट मार्लिंग
२० जून

एनिड आत्या,

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागलं तर वाचा.

ब्रिगेडियर मेला. मे महिन्यातच, तुमचं कुलपाचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. मेविस कुलूप आणायला गेली होती. मी म्हटलं शेवटचं एकदा हिंडवून आणतो.

मी त्याच्या मागेच होतो. पेटिटची कोळशाची लॉरी गल्लीत मागे येत होती. पेटिट सावकाश चालवतो. ब्रिगेडियर शेपटी उभी करून तिच्याकडे गेला. तुम्ही लिहिलं होतं तसंच, भेटायला. मी ओरडलो. माझ्या तोंडून आवाज आता वेळेवर निघत नाही. निघाला तोवर झालं होतं.

पेटिटचा दोष नाही. मी आयुष्यभर बिअरच्या पिंपांची लॉरी चालवली. मागे घेताना आरशात मांजर दिसत नाही. तो गल्लीत बसून रडायला लागला. मी त्याला घरात आणला आणि चहा दिला. मग त्यानेच सफरचंदाच्या झाडाखाली खड्डा खणला, मला खणता येत नाही म्हणून.

मेविसने लपवलं ते माझ्यासाठी. तुम्ही बिशपला न्याल म्हणून. मला ते खोटं नको. दार मी उघडलं होतं. वारा नव्हता.

सिरिल


हॅरोगेट
२४ जून

प्रिय सिरिल,

पत्र वाचून मी पिल्लांच्या खोलीत जाऊन बसले आणि रडले. हे मी कोणाला सांगत नाही, तुला सांगते. हा ब्रिगेडियर त्या खेपेतला पहिला. माझ्या तळहातावर जन्मला.

तुला शिव्या द्यायच्या म्हणून कागद पुढे ओढला होता. पण तू स्वतःच स्वतःला सगळं बोलून मोकळा झालास, माझ्याकडे काय उरलं? मेविसला म्हणावं, ताकाला जाऊन भांडं लपवू नये. नवऱ्यासाठी खोटं बोललीस ते मी समजू शकते, पण फार वाईट बोललीस. स्ट्रॉबेऱ्या काय!

बिशप मात्र परत येईल. हा राग नाही. एक गेला, दुसरा मी जाऊ देणार नाही. जुलैच्या मध्यात येते. तोवर त्याला सांभाळ, आणि स्वतःलाही.

एनिड


वेस्ट मार्लिंग
१ जुलै

एनिड आत्या,

बिशप दिवसभर मागच्या दाराशी बसून ओरडतो. भाऊ त्या दाराने गेला तो आला नाही. मी खुर्चीत असतो. रात्री छातीवर येतो, पण तोंड दाराकडे. मेविस म्हणते, तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत कुढता, मी घर सोडून जाईन.

नर्स म्हणते, रोज चर्चपर्यंत चाला. कशाला? चर्च कुठे पळून जात नाही. उगाच रस्त्यावर येरझाऱ्या घालायला मी काय पोलीस आहे? माणसाला काहीतरी राखायला लागतं.

बिशपला नेणं हा तुमचा हक्क आहे. मी आडवा येणार नाही. त्याआधी एक विचारतो. भीती तुम्ही हाताने पुसता असं लिहिलं होतंत. हाताने पुसता येते तर हाताने घालताही येत असेल. माझी जुनी व्हॅन अंगणात आहे. मला चालवता येत नाही, पण इंजिन सुरू होतं. भोंगा वाजतो.

येतं का घालता, तेवढं सांगा.

सिरिल


हॅरोगेट
५ जुलै

प्रिय सिरिल,

तुझं पत्र मी दोन दिवस टेबलावर ठेवून त्याच्याभोवती फिरत होते. एवढ्या वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारतात, माझं मांजर लाजतं, त्याला धीट कसं करू.

येतं. पुसायला आठवडेच्या आठवडे लागतात, घालायला एक दुपार पुरते. पण नीट ऐक. भीतीला नेम नसतो. तू ती व्हॅनसाठी घालशील, ती व्हॅनपाशी थांबणार नाही. त्या वेळी जो माणूस समोर असेल त्याच्यावरही ती सांडेल, आणि सांडलेली भरून घेता येत नाही. म्हणून हे काम तू करायचं नाहीस. परका माणूस व्हॅनमध्ये बसव. पेटिटला बसव. बिशप व्हॅनपाशी आला की भोंगा, दाराचा आवाज, आरडाओरडा, सगळं एकदम. त्या वेळी तू घरात, तुझ्या खुर्चीत, दार थोडं उघडं ठेवून. तो जीव घेऊन पळत येईल तेव्हा तुझ्याकडे आला पाहिजे.

हे मी परवानगी म्हणून लिहीत नाही. जाऊ दे, परवानगीच आहे, कशाला सोंग करू! सप्टेंबर संपताना येते. तोवर त्याला मोटार कळली असेल तर तो तुमचा. नसेल तर माझ्याबरोबर येईल, आणि मग मला पत्रं लिहायची नाहीत.

एनिड


वेस्ट मार्लिंग
६ सप्टेंबर

प्रिय आत्या,

सिरिल म्हणतो तू लिही, म्हणून मी लिहिते. या वेळी सगळं खरं.

पेटिटला विचारलं. तो रविवारचा सूट घालून आला, जणू कोणाच्या मयतीला आलाय. व्हॅनमध्ये बसला. बिशप टुणकन पायरीवर चढला आणि त्याच्या गुडघ्याला डोकं घासायला लागला. पेटिटने भोंग्यावर हात ठेवला, त्याचे डोळे भरून आले आणि तो खाली उतरला. “मला दुसरं काहीही सांगा,” म्हणाला, “मी एकाला मारलंय, दुसऱ्यावर ओरडणार नाही.” त्याला काय म्हणणार?

मग मिसेस गॅरड. ती म्हणाली, माझ्या आवाजाने तर माणसं पळतात, मांजराचं काय घेऊन बसलात. मोठ्या ऐटीत जाऊन बसली. आम्ही आत कान देऊन ऐकतोय, भोंगा वाजेना. जाऊन बघते तर बाई बिशपला पर्समधलं सार्डिन भरवतेय. “इतका गोड चेहरा करून बघतो गं,” मलाच सांगते! नर्सला विचारलं, ती म्हणाली हे माझ्या कामात बसत नाही. मी बसावं हे मला सुचायच्या आधीच सिरिलने बजावलं, “तू नाही. त्याला घरात कोणीतरी लागेल.” मांजर बाहेर सोडा म्हणून माझा जीव खाणारं हे गाव, पण एका मांजराला दरडावायला एकाचा हात उचलेल तर शपथ.

शेवटी सिरिल उठला. मी म्हटलं, “अरे, आत्याने स्पष्ट लिहिलंय, तू नाही.” म्हणाला, “वाचता येतं मला.”

बिशपने त्याला व्हॅनमध्ये बघितलं आणि शेपटी उभी करून धावत गेला. पायरीवर पुढचे पाय ठेवले. सिरिलने भोंगा दाबला, दार आपटलं, काठी पत्र्यावर हाणली आणि ओरडला. आत्या, झटका आल्यापासून त्याचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. बिशप कोलमडत, घसरत जो पळाला तो कोळशाच्या शेडमागे जाऊन बसला. संध्याकाळी मी त्याला पोटाशी धरून आत आणला, तो थरथरत होता. सिरिलने दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी नुसतं इंजिन सुरू झालं की बिशप कुंपणापलीकडे.

झालं तुम्हा दोघांच्या मनासारखं. गल्लीत लॉरी वळली की तो दिसत नाही. पण सिरिल खोलीत आला तरी दिसत नाही. आता माझ्या पायाशी झोपतो. सिरिलने हात पुढे केला की कान पाडून मागे सरकतो. सिरिल त्याच्याशी बोलायचासुद्धा बंद झालाय. “तू हाक मार,” मला म्हणतो, “माझा आवाज नको त्याला.”

आणि सकाळी दार उघडून दोघं निघतात! बिशप बराच पुढे, सिरिल मागे. सिरिल थांबला की तो थांबतो, वळून बघतो, जवळ तर आला नाही ना याची खात्री करतो आणि पुढे चालायला लागतो. चर्चच्या फाटकापर्यंत जातात, परत येतात. मी म्हटलं, “आता कशाला जातोस त्याच्या मागे? त्याला कळतं आता.” तर म्हणाला, “कोणीतरी नको का?”

मला हे बघवत नाही, आत्या. तू ये, आणि वाटलं तर बिशपला घेऊन जा. निदान मग सिरिल असा रोज त्याच्या पाठीकडे बघत चालणार नाही.

तुझी,
मेविस


हॅरोगेट
४ ऑक्टोबर

प्रिय मेविस,

घरी पोचले. आगगाडीत चहा गार होता आणि समोरचा माणूस सगळा वेळ कांद्याची चटणी घातलेलं सँडविच खात होता, बाकी प्रवास ठीक.

बिशपला मी नेलं नाही हे तू पाहिलंस. का ते तुझ्यासमोर बोलले नाही, म्हणून लिहिते.

शनिवारी सकाळी तू अंघोळीला गेलीस तेव्हा मी कोट घालून त्यांच्या मागे निघाले. भाजीवाल्याची मोटार अजून वळणावरही दिसत नव्हती, नुसता आवाज होता, तोवर बिशप मिसेस गॅरडच्या कुंपणाआड गेलेला. माझ्या हाताखालून इतकी मांजरं गेली, पण एवढं पक्कं काम मी पाहिलं नाही. सिरिल रस्त्याच्या कडेला काठी टेकून उभा राहिला. गाडी गेली, बिशप परत रस्त्यावर आला, तेव्हाच त्याने पाऊल उचललं.

बाकावर मी त्याला म्हटलं, “मी लिहिलं होतं ना, दुसऱ्याला बसव म्हणून?”

“दुसऱ्या कोणाला जमेना.”

“मग घरातच ठेवायचा. तुझ्या छातीवर तरी झोपला असता.”

त्याने बराच वेळ शब्द जुळवले. “झोपायचा,” म्हणाला, “दाराकडे तोंड करून.”

मला वाटत होतं की मी बिशपला घेऊन गेले तर तुमच्या घरातलं दुःख जरा कमी होईल. तुलाही तसंच वाटतंय. पण दुपारी तू चहा करायला आत गेलीस तेव्हा काय झालं ते सांगते, मग तूच ठरव.

बिशप आला, मला हुंगलं आणि सरळ माझ्या मांडीवर चढून गोळा होऊन झोपला. सिरिल समोर त्याच्या खुर्चीत होता. तो जरासुद्धा हलला नाही. श्वासही जपून घेत होता. काही वेळाने अगदी ओठांतल्या ओठांत त्याने मला विचारलं, “गुरगुरतोय का?”

मी म्हटलं, “हो.”

“मला इथून ऐकू येत नाही.”

“गुरगुरतोय, सिरिल. माझी मांडी हलतेय.”

“मग झालं तर,” म्हणाला. आणि काठीचा आवाज न करता, भिंतीला धरून, बाजूच्या दाराने बाहेर गेला, त्याच्यामुळे बिशपला उठावं लागू नये म्हणून.

तुझी,
एनिड आत्या